अकबर मिस्त्रीचा डावा पाय

चाकणच्या चौकातून तळेगावच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आधी चहाची टपरी, मग पंक्चरवाला, आणि त्याला लागून पत्र्याचं एक शेड होतं. ते अकबर मिस्त्रीचं. शेडवर पाटी नव्हती. कुणी म्हटलं, "मिस्त्री, बोर्ड तरी लावा राव," तर तो म्हणायचा, "ज्याची गाडी हलते त्याला रस्ता बरोबर सापडतो." बढाई वाटेल, पण खोटं नव्हतं. भोसरीपासून खेडपर्यंत पिकअप चालवणाऱ्या कुणालाही विचारा. गाडी थरथरायला लागली, दोन गॅरेजं पालथी घालून झाली, चांगले चार पार्ट विनाकारण बदलून झाले, की शेवटी सगळे अकबरच्या दारात. गाडी बरी झाली की वर्षभर तोंड दाखवायचे नाहीत. गरज सरो नि वैद्य मरो, ही तर आपल्याकडची रीतच आहे.

त्याची पद्धत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच झालं. गाडी आली की तो बॉनेट उघडायचा नाही, खाली शिरायचा नाही. गाडीवाल्याला म्हणायचा, "बस, चालव." स्वतः क्लीनरच्या बाजूला बसायचा, डाव्या पायातली चप्पल काढायचा, खालची मॅट गुंडाळून मागे सारायचा आणि अनवाणी पाऊल गाडीच्या पत्र्यावर टेकवायचा. मग रेडिओ बंद, गप्पा बंद. गाडी साठवर गेली की हाताने खुणावायचा, न्यूट्रल कर. न्यूट्रलला थरथर थांबली तर दोष इंजिनाकडचा. नाही थांबली तर चाकांचा, नाहीतर शाफ्टचा. स्टेअरिंग हातात हलत असेल तर पुढची चाकं. बुडाखाली सीट हलत असेल तर मागची. आणि पायाखालचा पत्रा बारीक बुणबुणत असेल, तर दोष मधल्या शाफ्टचा. शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब लोखंडी दांडा. त्याला जोडून धरणाऱ्या सांध्याला क्रॉस म्हणतात. क्रॉस हा हाताच्या तळव्याएवढा तुकडा, पण तो तुटला तर धावत्या गाडीखालून शाफ्ट निसटतो, आणि पुढचं टोक निसटलं तर ते रस्त्यात रुततं. मग गाडी कुणाच्या बापाची राहत नाही.

"हात फसतो, कान फसतो, पाय फसत नाही," असं अकबरचे उस्ताद म्हणायचे. पिंपरीत त्यांचं गॅरेज होतं. सतराव्या वर्षी उदगीरहून पळून आलेल्या अकबरला त्यांनी ठेवून घेतलं, पाच वर्षं नुसते नट धुवायला लावले, आणि सहाव्या वर्षी क्लीनरच्या बाजूला बसवलं. डावाच पाय का, तर उस्तादांचा डावा होता म्हणून. त्या पायावर अकबरने चाकणला शेड टाकलं, हसीनाशी लग्न केलं, दोन मुली सासरी पाठवल्या. हल्लीच्या पोरांना म्हणे मोबाईल जोडला की गाडीचा आजार कळतो. कळू दे बापडा. अकबरला त्याचा राग नव्हता, पण कुणी तो मोबाईल दाखवला की तो चप्पल काढून पाय पुढे करायचा आणि म्हणायचा, "ह्याला चार्जिंग लागत नाही."

दत्तोबा हा त्याचा बावीस वर्षांपासूनचा दोस्त. मोशीचा, अगदी जुन्या गावठाणातला. इंद्रायणीकाठी आता जिथं बारा-बारा मजले उभे आहेत, तिथं दत्तोबाच्या बापाचं शेत होतं. शेत गेलं, दत्तोबाने पिकअप घेतली, आणि भोसरीच्या कारखान्यातले पार्ट क्रेटमध्ये भरून चाकणच्या कंपन्यांना पोचवायला लागला. तो स्वभावाने गरीब, अकबर तापट. दत्तोबा शेडवर आला की बायकोने दिलेला डबा आधी अकबरच्या पुढ्यात ठेवायचा. सुमनताईंच्या हातचा खर्डा अकबरला एवढा आवडायचा की हसीना त्यावरून त्याला टोमणे मारायची. अकबरला साखर निघाली, तेव्हापासून त्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि मेथी यायला लागली. सांगायला लागलं नाही कुणाला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अकबर मोशीला दत्तोबाकडे गेला होता. चहा झाला, निघाला, गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, तोच मागून सुमनताईंची हाक आली. "भाऊजी, एक चप्पल इथंच राहिली की तुमची." अकबरने खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय खडीवर उघडा होता. पन्नास पावलं तो तसाच चालत आला होता. सुमनताईंनी चप्पल त्याच्या पुढ्यात ठेवली, आणि तो पायात घालेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे काय बरं न्हाई. डाक्टरला दाखवा." अकबर हसला. म्हणाला, "वहिनी, विचारात होतो."

हसीनाने मात्र पिच्छा सोडला नाही, तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने त्याला टेबलावर निजवलं, डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक दोरा तळव्याला लावत विचारायला लागला, "आता कळतंय? आता?" अकबरला काहीच कळत नव्हतं. कळत नाही म्हणजे काय, हे मात्र त्याला त्या क्षणी चांगलं कळलं, आणि तो घाबरला. त्याने पापण्यांच्या फटीतून बघायला सुरुवात केली. दोरा टेकला की म्हणायचा, "कळतंय." डॉक्टर म्हणाला, पाय ठीक आहेत, गोळ्या चालू ठेवा. एवढा मोठा माणूस, साठीला आलेला, आणि शाळेतल्या पोरासारखी कॉपी करून आला. घरी येऊन हसीनाला म्हणाला, "पास झालो."

तेव्हापासून तो गाड्या तपासायचा त्या निम्म्या बुडाने आणि निम्म्या अंदाजाने. पस्तीस वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे दहातल्या नऊ गाड्या बरोबरच निघायच्या. पाय मात्र तो तसाच पत्र्यावर ठेवायचा. लोकांना ते बघायची सवय होती, आणि त्याला दाखवायची.

फेब्रुवारीत एका सोमवारी दत्तोबा गाडी घेऊन आला. "साठला गेली की अंगात आल्यावाणी करती रं," तो म्हणाला. दोघं तळेगावच्या रस्त्याला निघाले. अकबरने चप्पल काढली, पाय टेकवला. साठवर न्यूट्रल केलं, थरथर थांबली नाही. स्टेअरिंग शांत होतं. सीट थोडी हलत होती, ते अकबरला कळलं. पाय गप्प होता. पाय गप्प म्हणजे पत्रा गप्प, असा हिशेब त्याच्या डोक्यात पस्तीस वर्षं बसलेला. तो म्हणाला, "मागचं चाक." शेडवर येऊन चाक काढलं, तर टायरला खरोखरच एका बाजूला फुगवटा आलेला. अकबरला हायसं वाटलं. त्याने दुसरा टायर चढवला, आणि पुन्हा एक चक्कर झाली.

सीट आता हलत नव्हती. पण दत्तोबा मान वाकडी करून म्हणाला, "खाली अजून वाईच बुणबुणतंय का रं?"

अकबरचं डोकं फिरलं. "बावीस वर्षं माझ्याकडे येतोस आणि आता मला शिकवतोस? पाय माझा तिथं आहे का तुझा? एवढी शंका असेल तर जा, दुसरीकडे दाखव."

"तसं न्हाई रं बाबा," दत्तोबा म्हणाला. "तू म्हंतोस ना, मग बास."

गाडीखाली वाकून शाफ्ट हाताने हलवून बघायला दोन मिनिटं लागतात. क्रॉस ढिला असेल तर तिथल्या तिथं कळतं. अकबरने ती दोन मिनिटं दिली नाहीत. खाली वाकणं म्हणजे पायावर भरवसा नाही असं कबूल करणं झालं असतं. त्याने नुसती चप्पल घातली, आणि घालताना ती नीट गेली का ते खाली बघून खात्री करून घेतली.

अकराव्या दिवशी अपघात झाला. सुमनताईंच्या बहिणीकडे खेडला बारसं होतं. दत्तोबा पहाटे चारला उठून एक खेप करून आला होता. मुलगी विजयश्री म्हणाली होती, "बाबा, तुम्ही दोन तास झोपा, आईला रिक्षाने जाऊ दे." विजयश्री माणच्या एका कंपनीत नोकरीला, रोज दोन बस बदलून जाणारी, बोलायला फटकळ. दत्तोबा म्हणाला, घरची गाडी असताना रिक्षा कशाला. चाकण सोडून थोडं पुढे गेल्यावर गाडी एकाएकी डावीकडे वळली आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर गेली. डावी बाजू चेपली. सुमनताई जागच्या जागी गेल्या. दत्तोबाची मांडी मोडली, डोक्याला मार लागला.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला, तेव्हा अकबर खाटेशी होता. दत्तोबाला चाकणचा चौक आठवत होता. त्यापुढचं काहीच नाही.

"डोळा लागला माझा," तो म्हणाला. "दुसरं काय असनार? गाडी तर तू बघितलेली." मग छताकडे बघत म्हणाला, "ती म्हनत व्हती रं. चौकात म्हनाली, आवो, पायाला मुंग्या येत्यात, गाडी खालनं बुणबुणती. मी म्हनलं, अकबरनं बघितलीय, गप बस."

अकबर उठला आणि बाहेर येऊन जिन्यावर बसला. मनात पाल चुकचुकली म्हणतात, तसलं नव्हतं हे. त्याला कळून चुकलं होतं. ज्या पत्र्यावर त्याने पाय ठेवला होता, त्याच पत्र्यावर सुमनताईंचे पाय होते.

तरी माणसाचं मन चिवट. त्याला वाटलं, आपण चुकत असू. तो पोलीस चौकीमागच्या मोकळ्या जागेत गेला, तिथं पिकअप आणून टाकली होती. पंचनाम्यात लिहिलं होतं, चालकाचा ताबा सुटला. पुढचा भाग एवढा चेपला होता की खाली वाकून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. अकबर वाकला. कपडे मातीत घालून गाडीखाली गेला. शाफ्टचं पुढचं टोक सुटून लोंबत होतं, वाकलं होतं, आणि टोकाला डांबर चिकटलं होतं. क्रॉसच्या जागी लाल भुकटी होती. ग्रीस कधीच सुकून गेलेलं, आतले बारीक रूळ गंजून पीठ झालेलं. त्याने बोट लावलं, बोट लाल झालं. हे एका दिवसात होत नाही. महिनोन् महिने झिजतं, आणि सगळा वेळ पत्रा बुणबुणत असतो.

शेडवर येऊन त्याने दुरुस्तीला आलेली दुसरी एक पिकअप चालू केली. पाण्याने भरलेला स्टीलचा पेला आत पत्र्यावर ठेवला आणि शेजारी डावा पाय टेकवला. ॲक्सिलरेटर दाबला. पेल्यातलं पाणी शहारत होतं, काठावरून सांडत होतं. पाय तिथंच, चार बोटांवर, आणि त्याला काही कळत नव्हतं. अकबर पाण्याकडे बघत राहिला. मग इंजिन बंद करून रडला.

आता तुम्ही म्हणाल, उठायचं आणि जाऊन सांगायचं. सांगायला आपलं काय जातं? अकबरने पाच आठवडे सांगितलं नाही. दर शुक्रवारी नमाज झाली की तो मोशीला जायचा, मनात वाक्य जुळवत. दत्तोबाच्या खाटेशी बसायचा, चहा प्यायचा, आणि परत यायचा. त्याला भीती कशाची होती, तेही सांगतो. पोलिसांची नव्हती. त्याच्याजवळ नाव सोडून दुसरं काही नव्हतं, आणि ते नाव त्या पायावर उभं होतं. शिवाय दत्तोबा त्याला माणसांत धरणार नाही, ही भीती होतीच.

इकडे त्या घरात काय चाललं होतं ते त्याला दिसत होतं. विजयश्रीने रजा काढली होती. बापाला वेळेवर गोळ्या द्यायची, अंग पुसायची, ताट वाढून खाटेशी ठेवायची. पण त्याच्याशी बोलायची नाही. अंत्यविधीच्या दिवसापासून एक शब्द नाही. एकदा बाहेर ओट्यावर अकबरला म्हणाली, "चाचा, मी झोपा म्हटलं होतं त्यांना. ऐकलं असतं तर आई असती." तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, आणि अकबरला ते जास्त लागलं. आत दत्तोबा ताट तसंच ठेवायचा. दोन घास खायचा, मग म्हणायचा, "तिला मारून मी कुठल्या तोंडानं खाऊ?"

पाचव्या शुक्रवारी दत्तोबाने अकबरचा हात धरला. "तुझी माफी मागायची राहिली," तो म्हणाला.

"माझी कसली माफी?"

"लोक इचारत असतील तुला. अकबरनं तपासलेली गाडी आन अशी कशी ठोकली म्हनून. तू गाडी नीट करून दिलीस आन मी माती खाल्ली. तुझं नाव घालवलं मी."

अकबरने हात सोडवून घेतला आणि काहीतरी पुटपुटत उठला. घरी पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं. हसीनाला त्याने सगळं सांगितलं, दोरा, पापण्या, पेला, लाल भुकटी. हसीना ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "डॉक्टर के सामने झूठ बोला तब मैं बाहेर बैठी थी जी. अब उधर झूठ मत बोलो." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधी पोलीस चौकीत गेला. आधी मोशीला गेलो तर पुन्हा चहा पिऊन परत येऊ, हे तो स्वतःला ओळखून होता. हवालदार म्हणाला, "मिस्त्री, कागद पूर्ण झालेत. कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता?" अकबर म्हणाला, "तुम्ही लिहा." त्याने जबाब दिला, गाडी मी तपासली होती, शाफ्टचा दोष मला कळला नाही, माझ्या पायाला संवेदना नाही हे मला ठाऊक होतं. सही केली. मग शेडवर जाऊन कुलूप घातलं आणि मोशीची बस धरली.

विजयश्री स्वयंपाकघरात होती. दत्तोबा खाटेवर टेकून बसला होता. अकबर दाराशी चप्पल काढून आत आला, आणि बसायच्या आधीच बोलला. "दत्तोबा, तू झोपला नव्हतास."

दत्तोबाने त्याच्याकडे बघितलं. "पुना ते नको, अकबर."

"शाफ्टचा पुढचा क्रॉस तुटला होता. मी गाडीखाली जाऊन बघितलाय. पाच आठवडे झाले बघून. तू बुणबुणतंय म्हणालास ते खरं होतं. वहिनी म्हणाल्या तेही खरं होतं."

"तू बघितलेली गाडी."

"बघितली. पण माझा पाय मेलाय. दोन वर्षं झाली."

दत्तोबा हसला. किती वाईट हसला तो. "लई उपकार रं तुझे," तो म्हणाला. "दोस्तासाठी मानूस काय काय बोलतो. पर मी काय लहान हाय का? तुझा पाय फसतो व्हय कधी? मला बरं वाटावं म्हनून सोताच्या नावाला काळं नको फासू."

अकबरने हे धरलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं दत्तोबा शिव्या देईल, हाकलून देईल. विश्वास ठेवणार नाही असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं. खाटेशेजारी भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्याला साडीची एक पिन टोचलेली होती, सुमनताईंनीच कधीतरी टोचून ठेवलेली. त्याने ती काढली, दत्तोबाच्या हातात दिली, खांद्यावरचा रुमाल स्वतःच्या डोळ्यांवर आवळून बांधला आणि जमिनीवर बसून डावा पाय खाटेवर ठेवला.

"तळव्याला टोच," तो म्हणाला. "कुठंही, कितीही वेळा. टोचलीस की मी सांगतो. एकदा जरी बरोबर सांगितलं तरी मी खोटारडा."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाल्याचं अकबरला ऐकू आलं. त्याने वाट बघितली.

"टोच की," तो म्हणाला.

दत्तोबाचा श्वास जवळून ऐकू येत होता.

"दत्तोबा, किती वेळ? घाबरू नको, टोच."

अकबरने रुमाल वर सरकवला. पिन त्याच्या तळव्यात अर्धी घुसलेली होती. रक्ताचा ओघळ टाचेवरून चादरीवर उतरला होता, आणि दत्तोबाचा हात अजून पिनेवरच होता. विजयश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

दत्तोबाने पिन उपसून काढली. मग अगदी हळू विचारलं, "म्हंजे मी झोपलो न्हवतो?"

"नव्हतास."

"जागा व्हतो मी?"

"जागा होतास. तू काय केलं असतंस तरी गाडी हातात राहिली नसती."

दत्तोबाचं तोंड वाकडं झालं. तो मुलीकडे वळला, आणि एवढा थोराड माणूस लहान पोरासारखा बोलला. "विजे, मी झोपलो न्हवतो गं. मी जागा व्हतो."

विजयश्री आली आणि खाटेच्या कडेला बसली. तिने बापाचं डोकं छातीशी घेतलं आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "हो बाबा," म्हणाली. मग दोघंही रडायला लागले. अकबर जमिनीवर बसलेला होता. त्या रडण्यात आपल्याला जागा नाही, हे कळायला त्याला पाय लागत नव्हता. तो भिंतीला धरून उठला.

"अकबर," दत्तोबा म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "तिच्या पायाला कळत व्हतं रं. आन मी तिला गप बस म्हनलं, तुझं नाव सांगून."

"हो," अकबर म्हणाला.

"पाच आठवडे तू हितं येऊन च्या प्यालास."

अकबरने मान खाली घातली.

"आता जा. पुना येऊ नको. कधी वाटलं तर मी हाक मारीन, पर तू येऊ नको."

अकबर बाहेर पडला. जुन्या गल्लीतून चालायला लागला. बावीस वर्षांचा रस्ता, प्रत्येक दगड ओळखीचा. खांद्यावरचं ओझं उतरलं की हलकं वाटतं म्हणतात. त्याला तसं काही वाटत नव्हतं. दत्तोबा आता जेवेल एवढंच त्याला वाटत होतं, आणि आपल्याला आता कुणी "बस, चालव" म्हणू देणार नाही, हे वाटत होतं. गल्लीच्या तोंडाशी तो पोचला, तेव्हा मागून पावलं वाजली.

विजयश्री होती. हातात चप्पल होती. अकबरने खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय खडीवर उघडा होता. मागे दारापर्यंत रक्ताचे ठिपके पडत आले होते.

तिने चप्पल त्याच्या पुढ्यात ठेवली. तिचा चेहरा रडून सुजला होता आणि त्यावर माया नव्हती. "आईनं आणून दिली असती," ती म्हणाली. "म्हणून आणली."

अकबरने पाय पुढे केला, आत सरकवला आणि निघायला वळला.

"अजून नाही गेली," विजयश्री म्हणाली. "बघून घाला, चाचा."

तो वाकला. दोन्ही हातांनी चप्पल धरून त्याने अंगठा पट्ट्यात घातला. वर बघितलं, तेव्हा ती घराकडे परत निघाली होती.